दुय्यम भूमिकांचा धनी : डेव्हिड अब्राहम चेऊलकर

कोकणच्या किनाऱ्यावर बेने इस्रायल नावाचा ज्यू समाज शतकानुशतके मराठी बोलत नांदला. तेल गाळणे हा त्याचा धंदा. शनिवारी घाणा बंद, म्हणून लोक त्यांस शनवार तेली म्हणत. गावावरून आडनाव घेण्याची आपली रीतही या समाजाने उचलली. अशाच एका चेऊलकर कुटुंबात, विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात, डेव्हिड अब्राहम जन्मास आले. चेऊल म्हणजे आपले चौल.

मुंबई विद्यापीठाची बी. ए. पदवी हाती असूनही सहा वर्षे त्यांना नोकरी मिळाली नाही. पदवीधर मुलगा घरी बसला म्हणजे घरावर कोणती कळा येते, हे आम्हा शिक्षकांनी पुष्कळ पाहिले आहे. अखेर नायमपल्ली या नटमित्राने त्यांना दिग्दर्शक भवनानी यांच्याकडे नेले आणि १९३७ साली ‘झंबो’ या चित्रपटात त्यांना पहिले काम मिळाले. कायद्याची पदवीही त्यांनी संपादन केली. पण चरितार्थ चालला तो अभिनयावर.

ठेंगणी मूर्ती, टक्कल पडलेले डोके; नायकाची भूमिका वाट्यास येणे अशक्यच होते. परंतु शंभराहून अधिक चित्रपटांतील दुय्यम भूमिकांत त्यांनी जीव ओतला. १९५४ च्या ‘बूट पॉलिश’ मधील जॉन चाचा कोण विसरेल? स्वतः चोरटी दारू विकणारा हा लंगडा म्हातारा अनाथ बहीणभावांना मात्र भीक न मागता कष्टाने खाण्यास शिकवितो. या भूमिकेने त्यांना फिल्मफेअर पारितोषिक मिळवून दिले. १९७९ च्या ‘बातों बातों में’ मधील प्रेमळ अंकलही त्यांनीच रंगविला.

पडद्याबाहेर त्यांची वाणी हेच त्यांचे दुसरे भांडवल होते. मोठमोठ्या समारंभांचे निवेदन ते खुसखुशीत विनोदाने करीत. तिसरे क्षेत्र व्यायामाचे. भारोत्तोलनाच्या स्पर्धांत ते पंच म्हणून काम पाहत. १९६९ साली सरकारने त्यांना ‘पद्मश्री’ देऊन गौरविले. १९८१-८२ च्या हिवाळ्यात कॅनडातील टोरांटो येथे त्यांचे देहावसान झाले.

पदवीस साजेसे काम मिळेना म्हणून खचलेल्या तरुणांनी हे चरित्र अवश्य ध्यानी घ्यावे. मिळालेली जागा लहान असेल. तीत ओतलेले मन लहान असू नये.