मार्कोनींच्या वायरलेसमध्ये जादूगार घुसला तेव्हा... घरचे वायफाय कसे सुरक्षित ठेवाल?

वाशीम : मोबाइलवर वायफायची यादी उघडली की शेजारच्या चार घरांच्या राऊटरची नावे दिसतात. म्हणजे आपले सिग्नलही त्यांच्या घरात पोहोचतातच. हवेतला संदेश कोणीही पकडू शकतो, ही अडचण बिनतारी संदेशाचे जनक मानले जाणारे गुलिएल्मो मार्कोनी यांनाही भोवली होती.

मार्कोनी यांचा जन्म २५ एप्रिल १८७४ रोजी इटलीतील बोलोन्या येथे झाला. घर श्रीमंत, आई आयरिश. १८९५ मध्ये घराजवळच्या टेकडीपलीकडे त्यांनी तारेविना संदेश पोहोचवला. त्याच सुमारास कोलकात्यात जगदीशचंद्र बोस यांचेही प्रयोग सुरू होते. पेटंट आणि धंद्यात मात्र मार्कोनी पुढे निघाले. इंग्लंडमध्ये त्यांनी कंपनी काढली. डिसेंबर १९०१ मध्ये त्यांचा संदेश अटलांटिक ओलांडून गेला.

संदेश गुप्त राहावा म्हणून त्यांनी ‘ट्यूनिंग’वर भरवसा ठेवला. १९०० मध्ये त्यांनी त्याचे ७७७७ क्रमांकाचे पेटंट घेतले. ठरलेल्या फ्रिक्वेन्सीवर जुळवलेले यंत्रच संदेश पकडेल, असा त्यांचा दावा होता.

नेव्हिल मॅस्केलिन या जादूगाराला तो पटला नाही. वायरलेसमुळे केबल कंपन्यांचा धंदा धोक्यात आला होता. त्यातल्याच एका कंपनीने मॅस्केलिनला मार्कोनींवर नजर ठेवायला नेमले. त्याने कॉर्नवॉलच्या किनाऱ्यावर मनोरा उभारून संदेश ऐकले. पुढे जून १९०३ मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मार्कोनींचे सहकारी फ्लेमिंग यांचे प्रात्यक्षिक होते. मार्कोनी दूर पोल्डू केंद्रावर होते. त्यांचा संदेश येण्याआधीच यंत्रावर मार्कोनींची टिंगल करणारा मजकूर उमटू लागला. तो मॅस्केलिनने जवळूनच पाठवला होता.

नाचक्की झाली, पण मार्कोनी थांबले नाहीत. १९०९ मध्ये त्यांना नोबेल मिळाले. १९१२ मध्ये टायटॅनिकवरची मदतीची हाक त्यांच्याच कंपनीच्या ऑपरेटरांनी दिली. २३ जुलै १९२७ रोजी त्यांच्या ‘बीम’ पद्धतीची भारत-इंग्लंड सेवा सुरू झाली, तेव्हा इथली केंद्रे खडकी आणि दौंडला होती. मुसोलिनीच्या फॅसिस्ट पक्षातही ते गेले. हा त्यांच्या चरित्रावरचा डागच. २० जुलै १९३७ रोजी रोममध्ये त्यांचे निधन झाले.

घरी काय कराल?

मार्कोनींनी फ्रिक्वेन्सीलाच कुलूप मानले. आज अनेक जण वायफायचे नाव लपवून निर्धास्त होतात. साध्या अ‍ॅपनेही लपवलेले नेटवर्क सापडते. खरे कुलूप एन्क्रिप्शनचे. राऊटरच्या सेटिंगमध्ये ‘डब्ल्यूपीए३’ निवडा, तो नसेल तर ‘डब्ल्यूपीए२’. ‘डब्ल्यूईपी’ २००१ मध्येच फोडले गेले आहे, ते नकोच. पासवर्ड लांब ठेवा. मोबाइल नंबर किंवा मुलांची नावे टाळा. राऊटरचा अ‍ॅडमिन पासवर्ड वेगळा असतो. बसवताना आलेला तोच अजून असेल तर आजच बदला. ‘डब्ल्यूपीएस’ बंद करा, अपडेट आले की घ्या. पाहुण्यांसाठी गेस्ट नेटवर्क सुरू करा. जोडलेल्या उपकरणांच्या यादीत अनोळखी फोन दिसला, तर पासवर्ड बदला. मग तो शेजाऱ्याचा असला तरी.