विश्लेषण : ‘ययाति’मुळे खांडेकरांचे वाचक का विभागले गेले?

प्रेम, त्याग आणि ध्येयवाद यांच्या कथा सांगणारे लेखक म्हणून वि. स. खांडेकर मराठी घराघरांत पोहोचले होते. वयाच्या ६१ व्या वर्षी, १९५९ मध्ये त्यांनी आपला नेहमीचा मध्यमवर्गीय नायक सोडला आणि महाभारतातील एका कामासक्त राजाला कादंबरीच्या मध्यभागी आणले. ‘ययाति’ला वाचक भरपूर मिळाले, मानसन्मान मिळाले आणि तितकेच आक्षेपही. काहींना हा बदल फार मोठा वाटला, तर काहींना फारच थोडा. याच कादंबरीने पुढे मराठीला पहिला ज्ञानपीठ पुरस्कार मिळवून दिला. हा वाद नेमका कशावरून होता आणि खांडेकरांचा प्रवास तिथपर्यंत कसा आला, याविषयी…

खांडेकरांची जडणघडण कशी झाली?

खांडेकरांचा जन्म ११ जानेवारी १८९८ रोजी सांगलीत झाला. त्यांचे मूळ नाव गणेश आत्माराम खांडेकर. मॅट्रिकनंतर ते पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात दाखल झाले. १९१६ मध्ये सावंतवाडीजवळच्या नाणेली येथील सखाराम खांडेकर यांना ते दत्तक गेले आणि विष्णू सखाराम झाले. दत्तक गेल्याने शिक्षणाचा प्रश्न सुटेल ही अपेक्षा मात्र फोल ठरली. पैशांची ओढाताण आणि आजारपण यांमुळे त्यांना पदवी न घेताच महाविद्यालय सोडावे लागले.

१९२० मध्ये ते वेंगुर्ले तालुक्यातील शिरोडा येथे शिक्षक झाले. पनवेलहून कोकण रेल्वेने गावी जाणाऱ्या नवी मुंबईकरांना सावंतवाडी स्थानक परिचयाचे आहे. तिथून पुढे समुद्राच्या बाजूला हे गाव लागते. आज तेथे पर्यटक किनाऱ्यासाठी जातात. खांडेकरांच्या काळात ते मिठागरांचे, जेमतेम कमाई असलेल्या माणसांचे गाव होते. १९३० मध्ये तेथे मिठाचा सत्याग्रहही झाला. खांडेकर या गावात १८ वर्षे राहिले आणि शाळेचे मुख्याध्यापक झाले. गरिबी आणि जातिभेद यांचे जे चित्र त्यांच्या लेखनात येते, त्याचा मोठा भाग शिरोड्यात पाहिलेला आहे.

त्यांच्या प्रेमकथा वेगळ्या कशा होत्या?

खांडेकरांनी सुरुवातीला ‘कुमार’ या नावाने कविता आणि ‘आदर्श’ या नावाने विनोदी लेखन केले. ‘हृदयाची हाक’ ही त्यांची पहिली कादंबरी १९३० मध्ये आली. त्यानंतर ‘कांचनमृग’, ‘दोन ध्रुव’, ‘उल्का’, ‘हिरवा चाफा’, ‘दोन मने’, ‘रिकामा देव्हारा’, ‘पहिले प्रेम’ अशी रांगच लागली. यांतील बहुतेक कथांत प्रेम केंद्रस्थानी आहे. मात्र हे प्रेम केवळ दोघांपुरते राहत नाही. नायकापुढे किंवा नायिकेपुढे नेहमी एक निवड उभी असते : स्वतःचे सुख की समाजाचे ऋण?

त्याच काळात प्रा. ना. सी. फडके यांच्या प्रणयप्रधान, तंत्रशुद्ध कादंबऱ्यांनी तरुण वाचकांना वेड लावले होते. फडके कलेसाठी कला या बाजूचे, तर खांडेकर जीवनासाठी कला या बाजूचे. हा वाद अनेक वर्षे गाजला. फडके १९४० च्या रत्नागिरी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते आणि पुढच्याच वर्षी सोलापूरचे अध्यक्षपद खांडेकरांकडे आले. दोघांचा वाचक बराचसा एकच होता. तो फडक्यांची कादंबरी रंजनासाठी वाचे आणि खांडेकरांची कादंबरी वाचून आपण थोडे चांगले झालो असे मानत असे.

मास्टर विनायक यांच्या ‘छाया’ (१९३६) या चित्रपटाची कथा खांडेकरांची होती. १९३८ मध्ये ते कोल्हापूरला आले आणि ‘ज्वाला’, ‘देवता’, ‘अमृत’ या चित्रपटांसाठीही त्यांनी लेखन केले. त्यांच्या कादंबऱ्या गुजराती आणि तमिळमध्ये गेल्या. का. श्री. श्री. यांच्या अनुवादांमुळे तमिळ वाचकांना तर ते आपलेच लेखक वाटू लागले.

मधली बारा वर्षे कादंबरी का आली नाही?

१९४२ मध्ये ‘क्रौंचवध’ आली आणि त्यानंतरची ‘अश्रू’ आली ती थेट १९५४ मध्ये. इतका लोकप्रिय लेखक बारा वर्षे कादंबरी प्रसिद्ध करत नाही, ही लहान गोष्ट नव्हती. या काळात ते कथा, लघुनिबंध आणि रूपककथा लिहीत होते. लेखणी थांबली नव्हती.

याचे एक उत्तर काळात शोधता येते. त्यांचे नायक देशासाठी, गरिबांसाठी सुख सोडणारे होते. हा त्याग पटायचा, कारण समोर स्वातंत्र्याचे स्वप्न होते. महायुद्ध, फाळणी, गांधीहत्या आणि स्वातंत्र्यानंतरचा काळाबाजार पाहिलेल्या वाचकाला तोच नायक पुन्हा कसा द्यायचा, हा प्रश्न कोणत्याही प्रामाणिक लेखकाला पडला असता.

दुसरीकडे मराठी साहित्यही बदलत होते. बा. सी. मर्ढेकरांनी कवितेची भाषा बदलली होती. गंगाधर गाडगीळ, अरविंद गोखले, व्यंकटेश माडगूळकर यांची नवकथा आली होती. ‘गारंबीचा बापू’ आणि ‘बनगरवाडी’ यांनी कादंबरीला वेगळा प्रदेश आणि वेगळी माणसे दिली होती. उपमांनी नटलेले, सुविचारांनी भरलेले खांडेकरी गद्य नव्या समीक्षकांना जुने वाटू लागले होते.

‘ययाति’त नवे काय होते?

महाभारताच्या आदिपर्वात ययातीची कथा येते. दैत्यगुरू शुक्राचार्यांची मुलगी देवयानी ही ययातीची राणी. राजकन्या शर्मिष्ठा तिची दासी होऊन येते. ययाति शर्मिष्ठेशी गुपचूप संबंध ठेवतो आणि शुक्राचार्य त्याला अकाली वार्धक्याचा शाप देतात. धाकटा मुलगा पुरू स्वतःचे तारुण्य बापाला देतो. हजार वर्षे भोग घेऊनही तृप्ती होत नाही, हे कळल्यावर ययाति ते परत करतो.

खांडेकरांनी या कथेत तीन मोठे बदल केले. पहिला बदल निवेदनाचा. ययाति, देवयानी आणि शर्मिष्ठा आळीपाळीने आपापली बाजू सांगतात. एकच प्रसंग दोन बाजूंनी दिसतो आणि कोणावर विश्वास ठेवायचा हे वाचकाला ठरवावे लागते.

दुसरा बदल कचाचा. महाभारतात संजीवनी विद्या शिकायला आलेला कच देवयानीचे प्रेम नाकारतो, दोघे एकमेकांना शाप देतात आणि तो कथेतून निघून जातो. कादंबरीत मात्र तो पुन्हा येतो. ययातीचा मोठा भाऊ यति स्त्रीमात्राचा द्वेष करणारा विरागी आहे. ययाति भोगात बुडालेला आहे. या दोन टोकांमध्ये कच हा संयमाचा मार्ग म्हणून उभा राहतो.

तिसरा बदल शेवटाचा. हजार वर्षांचा भोग खांडेकरांनी गाळला. मुलाचे तारुण्य घेतल्यावर ययातीला पश्चात्ताप होतो तो लगेच.

राजा जुना असला तरी विषय आजचा आहे, अशी खांडेकरांची भूमिका होती. साधने वाढली, पण हाव संपत नाही अशा विसाव्या शतकातील सामान्य माणसाचा प्रतिनिधी म्हणून त्यांनी ययातीकडे पाहिले. म्हणूनच त्यांच्या जुन्या वाचकासमोर प्रथमच असा नायक आला, जो त्याग करत नाही. उलट इतरांकडून तो मागतो.

आक्षेप कोणते होते?

आक्षेप दोन दिशांनी आले आणि ते एकमेकांच्या विरुद्ध होते.

पहिला आक्षेप बदल जास्त झाल्याचा. महाभारताची कथा इतकी बदलण्याचा अधिकार लेखकाला आहे का? कचाला परत आणणे, हजार वर्षे पुसून टाकणे हे मूळ कथेशी प्रामाणिक आहे का? पुराणकथा कीर्तन-प्रवचनांतून ऐकत मोठ्या झालेल्या पिढीसाठी हा प्रश्न कोरडा नव्हता. याला उत्तर देताना कालिदासाचा दाखला दिला जातो. महाभारतातील शकुंतला आणि कालिदासाची शकुंतला एक नाही. अंगठी आणि दुर्वासांचा शाप मूळ आख्यानात नाहीत. तरीही ‘शाकुंतल’ला कोणी खोटे म्हणत नाही.

दुसरा आक्षेप बदल कमी झाल्याचा. वेश पौराणिक, पण बोलणे तेच, असे समीक्षकांचे म्हणणे होते. राजा, राणी, दासी, ऋषी सगळे एकाच अलंकारिक भाषेत विचार करतात. तीन निवेदक असले तरी आवाज खांडेकरांचाच ऐकू येतो. कच हा माणूस कमी आणि उपदेश जास्त वाटतो. भोगाची कथा सांगतानाही लेखकाला शेवटी धडा द्यायचाच असतो. १९६३ मध्ये भालचंद्र नेमाडे यांच्या ‘कोसला’ने अगदी वेगळी, बोलकी भाषा आणली, तेव्हा तर फडके-खांडेकरांची शैली म्हणजे नव्या पिढीने काय टाळायचे याचे उदाहरण ठरली.

मग वाचकांना ती का आवडली?

कारण समीक्षकांना जे दोष दिसले, त्यांपैकी काही वाचकांसाठी ओळखीचे आधार होते. नव्या जागेत नेणारा वाटाड्या जुनाच असला की चालणे सोपे जाते. सुविचारासारखी वाक्ये वहीत उतरवून घेणारा मोठा वर्ग खांडेकरांकडे होता. त्याला ती वाक्ये ‘ययाति’तही मिळाली.

शर्मिष्ठेचे निवेदन हे दुसरे कारण. राजकन्येची दासी झालेली, प्रेम मिळूनही ते लपवावे लागणारी ही स्त्री आपले दुःख स्वतः सांगते. देवयानीही केवळ दुष्ट राहत नाही; नाकारली गेलेली, अहंकाराने स्वतःलाच कोंडून घेतलेली बाई म्हणून ती कळते. पुराणातील स्त्रियांना अशी स्वतःची बाजू मांडताना पाहणे अनेक वाचकांसाठी नवे होते.

‘ययाति’ला १९६० मध्ये साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. पुढे १९६७ मध्ये शिवाजी सावंत यांची ‘मृत्युंजय’ आली. तिच्यातही कर्ण, कुंती आणि इतर व्यक्तिरेखा स्वतःची कथा प्रथमपुरुषात सांगतात. पौराणिक व्यक्तींना असे बोलते करण्याची रीत मराठी वाचकाच्या अंगवळणी पडण्यात ‘ययाति’चा वाटा मोठा आहे.

इतर लेखकांनी ययातीचे काय केले?

‘ययाति’नंतर काही वर्षांतच हा राजा दोन वेगळ्या नाटकांत दिसला. गिरीश कर्नाड यांचे कन्नड ‘ययाति’ १९६१ मध्ये आले. त्यात तारुण्य देणाऱ्या पुरूला बायको आहे, आणि या त्यागाची किंमत तिने का मोजायची, असा प्रश्न ती विचारते. वि. वा. शिरवाडकरांचे संगीत नाटक ‘ययाति आणि देवयानी’ १९६६ मधले.

तुलना केली की खांडेकरांची मर्यादा आणि बळ दोन्ही दिसते. कर्नाड त्यागावरच शंका घेतात. खांडेकर तसे करू शकले नाहीत, कारण त्याग हीच त्यांची आयुष्यभराची श्रद्धा होती. शिरोड्यात अल्प पगारावर १८ वर्षे शिकवणाऱ्या माणसासाठी ती पुस्तकी कल्पना नव्हती. त्यांनी विषय बदलला, काळ बदलला, मांडणी बदलली. श्रद्धा बदलली नाही. दोन्ही बाजूंच्या तक्रारींचे मूळ इथेच आहे.

त्यानंतर खांडेकर कोणत्या वाटेने गेले?

ते पुराणात रमले नाहीत. १९६७ मधील ‘अमृतवेल’मध्ये ते पुन्हा आजच्या काळातील, प्रेम गमावलेल्या तरुणीच्या कथेकडे वळले. पुढे अनेक पिढ्यांतील महाविद्यालयीन तरुणांनी ती आवडीने वाचली. १९६८ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले.

उतारवयात त्यांची दृष्टी गेली. १९७४ चा ज्ञानपीठ पुरस्कार त्यांना मिळाला तेव्हा हा सन्मान मिळवणारे ते पहिले मराठी लेखक ठरले. स्वतःची पुस्तके मात्र त्यांना आता दुसऱ्याकडून वाचून घ्यावी लागत होती. २ सप्टेंबर १९७६ रोजी मिरज येथे त्यांचे निधन झाले. ‘एका पानाची कहाणी’ हे त्यांचे आत्मचरित्र मृत्यूनंतर प्रकाशित झाले.

त्यांच्या लेखनाला जुने म्हणणारी पिढी आता स्वतः ज्येष्ठ झाली आहे. ‘ययाति’च्या आवृत्त्या मात्र निघतच आहेत आणि ती वाचून झाल्यावर कच खरा वाटतो की नाही, यावर घराघरांत मतभेद होणेही थांबलेले नाही.