नारायण वामन टिळक

नारायण वामन टिळक (६ डिसेंबर १८६१ – ९ मे १९१९) हे मराठी कवी, कीर्तनकार आणि ख्रिस्ती धर्मोपदेशक होते. मराठी वाचक त्यांना रेव्हरंड टिळक आणि फुलामुलांचे कवी म्हणून ओळखतात. त्यांनी आयुष्यात दोनदा हातची स्थिरता सोडली. पहिल्या वेळी त्यांना विरोध झाला तो जातीचा आणि नातलगांचा. दुसऱ्या वेळी सबुरीचा सल्ला देणारे त्यांचेच धर्मबंधू होते.

पूर्वायुष्य

टिळकांचा जन्म रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे चित्पावन ब्राह्मण कुटुंबात झाला. कवितेची आवड त्यांना आई जानकीबाईंकडून मिळाली. वडील मात्र अत्यंत कडक होते. आईच्या मृत्यूनंतर नारायणाने लहान वयातच घर सोडले आणि नाशिकला गणेशशास्त्री लेले यांच्याकडे संस्कृतचे अध्ययन केले. शालेय शिक्षण अपुरेच राहिले. नाशिकजवळच्या जलालपूर येथील गोखले घराण्यातील मनकर्णिका, म्हणजेच पुढे प्रसिद्धीस आलेल्या लक्ष्मीबाई टिळक, यांच्याशी त्यांचा विवाह झाला. त्यानंतरची वर्षे शिक्षकी, कीर्तने आणि गावोगावची भटकंती यांत गेली.

वऱ्हाडाशेजारच्या नागपुरात आप्पासाहेब बुटी यांचा आश्रय लाभल्यावर त्यांनी ‘ऋषी’ या मासिकाचे संपादन केले. हिंदू धर्माची नव्याने मांडणी करावी, जातिभेद नसलेला धर्म देशाला द्यावा, ही त्या काळातील त्यांची धडपड होती.

धर्मांतर

राजनांदगाव संस्थानात नोकरीसाठी जात असताना आगगाडीत एका युरोपीय प्रवाशाशी त्यांची गाठ पडली. त्याने टिळकांना बायबलची प्रत दिली आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असे भाकीत केले. त्या प्रवाशाचे नाव टिळकांना पुढेही कळले नाही. बायबल वाचताना डोंगरावरील प्रवचनापाशी ते थांबले. आपल्या अनेक प्रश्नांची उत्तरे त्यांना तेथे सापडली. मनाचा निश्चय झाल्यावरही पत्नी व मुलाच्या विचाराने ते काही काळ घुटमळले. अखेर १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तो भारतीय पाळकाच्या हातून व्हावा, असा त्यांचा आग्रह होता.

या निर्णयाची सर्वांत मोठी किंमत लक्ष्मीबाईंनी मोजली, हे येथे नोंदवायला हवे. सोवळ्याओवळ्यात वाढलेली ही स्त्री लहान दत्तूला घेऊन पंढरपूरला बहिणीच्या आश्रयाला राहिली. ताटातूट सुमारे साडेचार वर्षे टिकली. पुढे त्या अहमदनगरला पतीकडे आल्या, तरी त्यांनी आरंभी आपला स्वयंपाक वेगळाच ठेवला आणि टिळकांनी त्याला हरकत घेतली नाही. जात ही माणसाने केलेली आहे, या निष्कर्षाला लक्ष्मीबाई स्वतःच्या विचाराने पोहोचल्या आणि १९०० साली त्यांनीही बाप्तिस्मा घेतला.

कार्य

अहमदनगर हे अमेरिकन मराठी मिशनचे मोठे केंद्र होते. टिळकांनी तेथे धर्मशिक्षणाच्या विद्यालयात अध्यापन केले, १९०४ मध्ये त्यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली आणि पुढे ‘ज्ञानोदय’च्या मराठी विभागाचे संपादन त्यांच्याकडे आले. तोवर मराठी मंडळ्यांत प्रामुख्याने परदेशी चालींवरची भाषांतरित गीते गायली जात. टिळकांनी त्या उपासनेत अभंग, भजन आणि कीर्तन आणले. तुकारामांच्या वाटेने आपण ख्रिस्तापर्यंत आलो, असे ते मानत. ‘वनवासी फूल’ आणि ‘अभंगांजली’ ही त्यांची प्रसिद्ध काव्ये होत. बालकवी ठोमरे यांना त्यांनी आपल्या घरी ठेवून घेतले. बालकवींच्या घडणीतील हा महत्त्वाचा काळ होता.

देवाचा दरबार

ख्रिस्ती होणे म्हणजे परदेशी होणे नव्हे, हे टिळकांना वेशात, भाषेत आणि संस्थेतही दिसावे असे वाटे. मिशनचा पगार घेत हे साधणार नाही अशी खात्री झाल्यावर १९१७ मध्ये, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी, त्यांनी वेतनाचा त्याग करून संन्यस्त वृत्ती स्वीकारली. प्रकृती ढासळत होती, संसार होता आणि उत्पन्नाचा दुसरा आधार नव्हता. सावधगिरी सुचवणाऱ्यांचे म्हणणे व्यवहाराच्या दृष्टीने चुकीचे म्हणता येणार नाही. टिळक मात्र साताऱ्यास गेले आणि ‘देवाचा दरबार’ नावाची बंधुता त्यांनी सुरू केली. बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या अशा दोन्ही प्रकारच्या ख्रिस्तभक्तांना तिच्यात स्थान होते. चर्चच्या चौकटीत ही कल्पना बसण्यासारखी नव्हती. प्रयोगाला जेमतेम दोन वर्षे मिळाली आणि टिळकांनंतर तो फार काळ टिकला नाही.

९ मे १९१९ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. त्यांच्या इच्छेनुसार देहाचे दहन करून अस्थी अहमदनगरला नेण्यात आल्या. ‘ख्रिस्तायन’ हे त्यांचे अपुरे महाकाव्य लक्ष्मीबाईंनी पुढे नेऊन पुरे केले. लक्ष्मीबाईंचे ‘स्मृतिचित्रे’ हे आत्मचरित्र टिळकांचे जीवन समजून घेण्याचे प्रमुख साधन आहे. टिळकांची भजने अहमदनगरप्रमाणेच अकोला, अमरावतीकडील मराठी मंडळ्यांतही उपासनेत गायली जातात.