भीतीचा हिशेब मांडणारा दिग्दर्शक : आल्फ्रेड हिचकॉक

भय ही मनुष्यमात्रास जन्मतःच लाभलेली भावना आहे. अंधाऱ्या जिन्यावरून एकटे उतरताना ज्याच्या काळजात कधी धस्स झाले नाही, असा मनुष्य विरळा. परंतु याच भावनेचा सूक्ष्म अभ्यास करून तिच्या साहाय्याने देशोदेशींच्या लक्षावधी लोकांची करमणूक करणारा एक पुरुष गेल्या शतकात होऊन गेला. त्याचे नाव आल्फ्रेड हिचकॉक. हल्ली शाळाशाळांतून माध्यमाच्या तासासाठी विद्यार्थी पाच-सात मिनिटांचे रहस्यपट रचू लागले आहेत. गोष्ट कोणती घ्यावी, कॅमेरा कोठे ठेवावा, प्रेक्षक घाबरावा कसा, यांवरचे त्यांचे वाद मधल्या सुटीत आमच्याही कानी येतात. अशा मुलांस या गृहस्थाच्या चरित्रापासून पुष्कळ शिकता येईल आणि एका बाबतीत सावधही होता येईल, असे वाटल्यावरून ते चरित्र आम्ही येथे थोडक्यात देत आहोत.

आल्फ्रेडचा जन्म १३ ऑगस्ट १८९९ रोजी लंडनच्या पूर्वेस लेटनस्टोन या ठिकाणी झाला. वडील विल्यम हे भाजीपाला व फळफळावळ यांचे व्यापारी होते. तीन भावंडांत आल्फ्रेड सर्वांत धाकटा. अंगाने स्थूल, स्वभावाने एकलकोंडा. खेळात त्याचे मन रमत नसे. आगगाड्यांची वेळापत्रके वाचावीत, नकाशे पसरून बसावे, हा त्याचा छंद. एकदा वडिलांनी त्याच्या हाती चिठ्ठी देऊन त्यास पोलीस चौकीवर धाडले. चिठ्ठी वाचून अंमलदाराने मुलाला काही मिनिटे कोठडीत कोंडले आणि खोडकर मुलांचे असेच होते, अशी समज देऊन सोडून दिले. ही गोष्ट हिचकॉक जन्मभर सांगत असत. तिच्यात तिखटमीठ किती हे आज कोण सांगणार? परंतु निरपराध माणसावर आळ येतो आणि तो जीव मुठीत घेऊन पळत सुटतो, हे कथासूत्र त्यांच्या चित्रपटांत वारंवार येते, एवढे खरे.

१९१० ते १९१३ ही वर्षे आल्फ्रेडने जेझुइट पाद्र्यांच्या सेंट इग्नेशियस विद्यालयात काढली. तेथे अपराधी मुलाच्या तळहातावर टणक रबराच्या पट्टीने मार देण्याची रीत होती. या शिक्षेत एक विशेष असा होता की, ती दिवसाच्या कोणत्या वेळी घ्यावयाची, हे मुलाने स्वतः ठरवावयाचे. मुले साहजिकच ती लांबणीवर टाकीत आणि मग दिवसभर मनातल्या मनात तो मार खात बसत. प्रत्यक्ष पट्टीपेक्षा पट्टीची वाट पाहणे अधिक दुःसह असते, हा धडा आल्फ्रेडला तेथे मिळाला. हिचकॉकच्या साऱ्या कलेचे बीज या एका अनुभवात आम्हांस दिसते. पुढे मोठेपणी त्यांनी याच शाळेपासून आपण शिस्त, व्यवस्था आणि विचार करण्याची पद्धत शिकलो, असेही मान्य केले आहे.

१९१४ च्या डिसेंबरात वडील वारले. त्या वेळी आल्फ्रेडचे वय अवघे पंधरा वर्षांचे. विजेच्या तारा बनविणाऱ्या हेन्ली नावाच्या कारखान्यात तो कारकून म्हणून लागला. दिवसा तारांच्या जाडीचे हिशेब करावेत आणि संध्याकाळी गोल्डस्मिथ्स कॉलेजात चित्रकलेच्या वर्गास जावे, असा क्रम सुरू झाला. चित्रे बरी काढतो असे पाहून वरिष्ठांनी त्यास जाहिरात खात्यात नेले. याच कारखान्याच्या नियतकालिकात १९१९ साली त्याची पहिली छोटी भयकथा छापून आली. एका स्त्रीवर ओढवलेले भयंकर संकट तीत वर्णिले आहे. शेवटी कळते की, बाई दंतवैद्याच्या खुर्चीत गुंगीच्या औषधाखाली होती! शालेय वार्षिकात लिहिणाऱ्या आमच्या लहान लेखकांनी ही गोष्ट अवश्य ध्यानी ठेवावी. घरच्या मासिकातील दीड पानदेखील पुढल्या मोठ्या कार्याचा आरंभ असू शकते.

त्या काळी चित्रपट मूक असत. संवाद व निवेदन पडद्यावर अक्षरांनी दाखवीत. एका अमेरिकन कंपनीने लंडनच्या इझ्लिंग्टन भागात स्टुडिओ उघडल्याचे वाचून हा तरुण अशा अक्षरपट्ट्यांचे नमुने स्वतः रेखाटून तेथे घेऊन गेला आणि नोकरी मिळवून परतला. मग पट्ट्या रंगविणे, देखावे उभारणे, पटकथा लिहिणे, दिग्दर्शकाच्या हाताखाली राबणे, अशी एकेक पायरी तो चढत गेला. १९२२ साली स्वतः हाती घेतलेला पहिला चित्रपट पैशांअभावी अर्धवट राहिला. तरीही तो खचला नाही. १९२४ मध्ये कामानिमित्त जर्मनीत गेला असता मुर्नाऊ या थोर दिग्दर्शकाचे काम त्यास जवळून पाहावयास मिळाले. शब्दांवाचून केवळ चित्रांनी कथा सांगता येते, हे त्याने तेथे पाहिले व जन्मभर पाळले.

याच सुमारास आल्मा रेव्हिल या बाईंशी त्यांचा परिचय झाला. त्या संकलनाच्या कामात आधीपासूनच मुरलेल्या होत्या. १९२६ साली दोघांचा विवाह झाला. पतीच्या प्रत्येक पटकथेवर आणि तयार चित्रपटावर या बाईंची नजर फिरे आणि त्यांचा शब्द घरात अखेरचा मानला जाई.

१९२७ साली लोकांपुढे आलेला 'द लॉजर' हा हिचकॉक यांचा पहिला खरा रहस्यपट. घरात भाड्याने राहावयास आलेला पाहुणा खुनी तर नसेल ना, अशी शंका त्यात घरच्या मंडळींस येते. वरच्या मजल्यावर तो येरझारा घालीत आहे हे मूकपटात दाखवावे कसे? हिचकॉक यांनी जाड काचेची तक्तपोशी करवून घेतली आणि तीवरून चालणाऱ्या नटाचे चित्रण खालून केले. ऐकू न येणारी पावले प्रेक्षकांस दिसू लागली! वितरकाने मात्र चित्रपट नापसंत करून बाजूस ठेवला होता. तेव्हा आयव्हर मोंटेग्यू या तरुण जाणकाराच्या सल्ल्याने अक्षरपट्ट्या पुष्कळ कमी केल्या, काही भाग पुन्हा चित्रित केला आणि तोच चित्रपट लोकांनी डोक्यावर घेतला. दुसऱ्याची रास्त सूचना मानल्याने कलावंताचा मान कमी होत नाही, हे यावरून दिसते.

लवकरच बोलपटांचे युग आले. १९२९ चा 'ब्लॅकमेल' मूकपट म्हणून सुरू होऊन बोलपट म्हणून पुरा झाला. नायिका ॲनी ओंड्रा हिचे इंग्रजी उच्चार परदेशी वळणाचे असल्याने ती नुसते ओठ हलवी आणि कॅमेऱ्याच्या कक्षेबाहेर उभी राहून दुसरी नटी संवाद म्हणे. या चित्रपटात हातून खून घडलेली ती मुलगी सकाळी न्याहारीस बसली असता शेजारीण बडबडत असते. त्या बडबडीतील इतर शब्द अस्पष्ट होत जातात आणि सुरी हा एकच शब्द तेवढा पुनःपुन्हा कानावर आदळतो. ध्वनीचा असा उपयोग त्यापूर्वी क्वचितच कोणास सुचला असेल.

आता हिचकॉक यांच्या कलेचे मर्म थोडे उलगडून पाहू. एकाएकी दचकविणे आणि उत्कंठेने झुरविणे या दोन गोष्टी त्यांनी अगदी वेगळ्या मानल्या. आमच्या परीने दृष्टान्त द्यावयाचा तर असा : वर्गात एक मुलगा दप्तरात हात घालतो आणि आतून विंचू निघतो. प्रेक्षक क्षणभर दचकतो आणि विसरून जातो. परंतु विंचू दप्तरात शिरताना प्रेक्षकाने आधीच पाहिला असेल आणि मुलास त्याचा पत्ता नसेल, तर? मुलगा मित्राशी गप्पा मारतो, बंदाला हात लावतो, पुन्हा काढतो. गुरुजी त्यास पुस्तक काढावयास सांगतात. आता तेच साधे बोलणे ऐकताना प्रेक्षकाचा जीव टांगणीस लागतो. प्रेक्षकापासून सारेच लपविण्याऐवजी त्यास थोडे अधिक सांगावे, ही त्यांची युक्ती होती.

परंतु या युक्तीलाही मर्यादा आहे, हे त्यांना ठेच लागून कळले. १९३६ च्या 'सॅबोटाज' या चित्रपटात एक लहान मुलगा नकळत बॉम्बचे पुडके घेऊन लंडनमधून चाललेला असतो. वाटेत गर्दी, मिरवणूक, बसचा खोळंबा. प्रेक्षक घड्याळाकडे पाहून कासावीस होतात आणि अखेर बॉम्ब उडून मुलगा मरतो. प्रेक्षकांना हे मुळीच रुचले नाही. ज्याच्यावर जीव जडविला त्यास असे मारणे ही आपली चूक झाली, असे हिचकॉक यांनी पुढे मोकळेपणाने मान्य केले. भय दाखविणाऱ्याने प्रेक्षकाच्या मायेचा विश्वासघात करू नये, हा त्यातला बोध.

१९३९ साली ते सहकुटुंब अमेरिकेस गेले. तेथील त्यांच्या पहिल्याच 'रिबेका' या चित्रपटास १९४० सालचे सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे ऑस्कर पारितोषिक मिळाले. पुढील दोन तपांत त्यांनी एकाहून एक सरस चित्रपट काढले. त्यांतील कित्येक युक्त्या गरीब विद्यार्थ्यांसही साधण्याजोग्या आहेत. 'सस्पिशन' मध्ये पती दुधाचा पेला घेऊन जिना चढतो. त्या दुधात विष असावे असा संशय यावा म्हणून त्यांनी पेल्यात लहानसा दिवा दडविला, तेव्हा अंधारात तेवढा पेलाच उजळून दिसू लागला. १९५४ च्या 'रिअर विंडो' मध्ये पाय मोडून खुर्चीस खिळलेला नायक खिडकीतून समोरची बिऱ्हाडे पाहतो आणि तेवढ्यातच सारे रहस्य घडते. १९५९ च्या 'नॉर्थ बाय नॉर्थवेस्ट' मध्ये काळोखी गल्ली नाही, मांजर नाही, पावसाळी रात्र नाही. भर उन्हात मोकळ्या माळावर उभ्या असलेल्या एकाकी माणसावर विमान झेप घेते. शाळेचे क्रीडांगणही दुपारी बारा वाजता भयाण भासू शकेल, जर कॅमेरा योग्य जागी असेल.

कॅमेरा योग्य जागी पडे तो आधी केलेल्या विचारामुळे. चित्रणाचा पहिला दिवस उजाडण्यापूर्वीच आपला चित्रपट कागदावर पुरा झालेला असतो, असे ते सांगत. महत्त्वाच्या प्रसंगांतील चौकटी आधी चित्रांत रेखाटून घेतल्या जात. पुढे अभ्यासकांनी दाखविले आहे की, ऐनवेळी ते बदलही पुष्कळ करीत. परंतु ज्याच्यापाशी योजना आहे त्यालाच ती बदलता येते. १९६० चा 'सायको' हे याचे ठळक उदाहरण. कंपनी पैसा घालण्यास नाखूष, तेव्हा त्यांनी स्वतःचे धन गुंतवून, दूरचित्रवाणीच्या मालिकेतील आपले कामगार घेऊन, कृष्णधवल रंगात, सुमारे ८ लाख डॉलरांत तो पुरा केला. त्यातील स्नानगृहाचा प्रसंग पडद्यावर मिनिटाहून कमी वेळ चालतो. त्याच्या चित्रणास सुमारे सात दिवस लागले. रक्ताच्या जागी चॉकलेटचा पाक वापरला आणि वाराचा आवाज खरबुजात सुरी खुपसून मिळविला. भाजीवाल्याच्या मुलास हे सुचावे यात नवल ते काय! या प्रसंगी संगीत नको, असे त्यांचे मत होते. परंतु बर्नार्ड हर्मन यांनी रचलेले तंतुवाद्यांचे सूर ऐकताच त्यांनी ते बदलले. सर्वांच्या नजरेतून सुटलेली, मृत दाखविलेल्या नटीची किंचित हालचाल आल्माबाईंनीच हेरली, असे सांगतात. पालकांस मात्र आमची सूचना आहे की, हा चित्रपट लहान मुलांस दाखविण्याजोगा नाही.

येथवर गुणवर्णन झाले. परंतु चरित्र म्हणजे स्तुतिपाठ नव्हे. १९६३ च्या 'द बर्ड्स' या चित्रपटात टिपी हेड्रन या नटीवर सतत काही दिवस खरे पक्षी सोडण्यात आले. त्यापूर्वी यांत्रिक पक्षी वापरण्याचे तिला सांगितले होते. अखेर ती इतकी थकली की, वैद्याच्या आज्ञेने काम थांबवावे लागले. हिचकॉक यांनी आपणास फार जाच केला, असे या बाईंनी २०१६ साली आत्मचरित्रात लिहिले आहे. पडद्यावर खोट्या सुरीने खरी भीती निर्माण करणाऱ्या या कुशल पुरुषाने खरी पीडा देण्याचे कारण नव्हते. त्यांचे कसब जितके थोर, तितका हा डाग अधिक डोळ्यांत भरतो. आम्ही तो झाकू इच्छीत नाही.

पन्नासाहून अधिक चित्रपट करूनही आणि पाच वेळा नाव सुचविले जाऊनही दिग्दर्शनाचे ऑस्कर त्यांना कधीच मिळाले नाही. १९५८ चा 'व्हर्टिगो' प्रथम फारसा वाखाणला गेला नाही. त्याच चित्रपटास २०१२ साली 'साइट अँड साऊंड' या ब्रिटिश मासिकाच्या मतगणनेत समीक्षकांनी सर्वकालीन चित्रपटांत पहिले स्थान दिले. १९७९ साली अमेरिकेत जीवनगौरव स्वीकारताना त्यांनी चार व्यक्तींचे आभार मानले : एक संकलक, एक पटकथालेखक, आपल्या मुलीची आई आणि एक सुगरण. या चारही व्यक्ती म्हणजे एकट्या आल्माबाईच होत्या. १९८० च्या आरंभी इंग्लंडच्या राणीने त्यांना सर ही पदवी दिली आणि त्याच वर्षी २९ एप्रिल रोजी लॉस एंजेलिस येथे त्यांचे देहावसान झाले.

विद्यार्थिमित्रहो, तुमचा रहस्यपट पाच मिनिटांचा असो की पन्नास, आधी वही उघडा आणि चौकटी काढा. प्रेक्षकास काय ठाऊक आहे आणि पात्रास काय ठाऊक नाही, याचा हिशेब मांडा. पात्र असे रंगवा की त्याच्याविषयी माया वाटेल, कारण ज्याच्याविषयी माया नाही त्याच्याविषयी भीतीही वाटत नाही. आणि चित्रण करताना जो सोबती भिंतीवर चढणार आहे, अंधाऱ्या खोलीत कोंडला जाणार आहे, त्यास ते आधी सांगा, त्याची संमती घ्या आणि तो नको म्हणाला तर गोष्ट बदला. एवढे सांभाळून घडविलेला लहानसा चित्रपट आम्ही पालकांच्या शेजारी बसून आनंदाने पाहू आणि दचकूही!