डॉ. कोटणीसांच्या ‘अमर कहानी’तील परिचारिका कोण होती?

डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचा जन्म १९१० मध्ये सोलापुरात झाला. १९३८ मध्ये पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकातून ते युद्धग्रस्त चीनला गेले. तिथे बेथून रुग्णालयाचे प्रमुख असताना, परिचारिकांना शिकवणाऱ्या गुओ चिंगलान यांच्याशी १९४१ मध्ये त्यांचा विवाह झाला. मुलाचे नाव यिनहुआ. ‘यिन’ म्हणजे भारत, ‘हुआ’ म्हणजे चीन. बाळ चार महिन्यांचेही नसताना, ९ डिसेंबर १९४२ रोजी कोटणीस अपस्माराने गेले. वय अवघे ३२.

व्ही. शांताराम यांच्या १९४६ च्या चित्रपटाने ते घरोघरी पोहोचले. जयश्री यांनी साकारलेली चिंगलान मात्र प्रेक्षकांना नायिका म्हणूनच आठवते. जखमींची शुश्रूषा करणारी, ती इतरांना शिकवणारी सोलापूरची ही सून २०१२ पर्यंत हयात होती.