संत जॉन मेरी व्हियानी आणि आर्सचे निवांत ख्रिस्ती

दर वर्षी ४ ऑगस्ट रोजी संत जॉन मेरी व्हियानी ह्यांचा सण येतो. अनेक धर्मग्रामांत त्या दिवशी किंवा जवळच्या रविवारी धर्मगुरूंना फुले दिली जातात, मुले गाणे म्हणतात आणि व्हियानी हे धर्मग्रामांत सेवा करणाऱ्या धर्मगुरूंचे आश्रयदाते संत आहेत, एवढे सांगून प्रवचन आटोपते. पोप अकरावे पायस ह्यांनी १९२५ साली त्यांना संतपद बहाल केले आणि १९२९ साली त्यांना हा मान दिला. त्यांच्या निधनाला दीडशे वर्षे झाली तेव्हा, २००९ साली, पोप सोळावे बेनेडिक्ट ह्यांनी धर्मगुरूंचे वर्षही घोषित केले होते. परंतु ह्या संताचे चरित्र केवळ धर्मगुरूंसाठी नाही. त्यातील जवळजवळ अर्धा भाग आर्स नावाच्या एका गावातील सामान्य भाविकांचा आहे आणि तोच भाग वाचायचा राहून जातो.

जॉन मेरी ह्यांचा जन्म ८ मे १७८६ रोजी फ्रान्समधील लिऑन शहराजवळच्या डार्डिली गावी एका शेतकरी कुटुंबात झाला. ते तीन वर्षांचे असताना फ्रेंच राज्यक्रांती झाली. धर्मगुरूंनी नव्या सरकारच्या कायद्याशी निष्ठेची शपथ घ्यावी, असा हुकूम निघाला. ज्यांनी नकार दिला त्यांना परागंदा व्हावे लागले. पकडले गेलेल्या अनेकांचा शिरच्छेद झाला. व्हियानी कुटुंब रात्रीच्या काळोखात मैलोगणती चालत जाऊन कुठल्यातरी घरात किंवा गोठ्यात गुप्तपणे होणाऱ्या मिस्सेला हजर राहत असे. १७९९ साली जॉन मेरी ह्यांना प्रथम ख्रिस्तशरीर मिळाले तेही असेच, एक्युली येथील एका घरात. आतल्या मेणबत्त्यांचा उजेड बाहेर दिसू नये म्हणून खिडक्यांपुढे गवताने भरलेल्या गाड्या उभ्या केल्या होत्या आणि कुणाला संशय येऊ नये म्हणून माणसे त्या गाड्यांतील गवत उतरवीत होती. तेरा वर्षांच्या ह्या मुलाने मिस्सा म्हणजे काय हे अशा पहाऱ्यात शिकून घेतले.

पुढे नेपोलियनने १८०१ साली पोप सातवे पायस ह्यांच्याशी करार केला. चर्चची दारे उघडली, घंटा वाजू लागल्या, मिस्सेला जाण्यात कसलाही धोका उरला नाही. आणि नेमके तेव्हाच दिसून आले की दार उघडले म्हणून माणसे आत येतातच असे नाही.

व्हियानी ह्यांच्या शिक्षणाची कथा बहुतेकांना ठाऊक आहे, म्हणून ती थोडक्यात सांगतो. वयाच्या विसाव्या वर्षी त्यांनी एक्युलीचे धर्मगुरू फादर बॅली ह्यांच्याकडे अभ्यास सुरू केला. लॅटिन भाषा त्यांना काही केल्या जमेना. मध्येच सैन्यभरतीचे बोलावणे आले. आजारपणामुळे ते तुकडीच्या मागे राहिले आणि नंतर एका डोंगराळ खेड्यात फरारी म्हणून लपून राहिले. सर्वसाधारण माफी जाहीर झाल्यावरच त्यांना घरी परतता आले. लिऑनच्या सेमिनरीने अभ्यास झेपत नाही म्हणून त्यांना घरी पाठवले. फादर बॅली ह्यांनी शब्द टाकला नसता तर ते धर्मगुरू झालेच नसते. १३ ऑगस्ट १८१५ रोजी ग्रनोबल येथे त्यांना गुरुदीक्षा मिळाली. तरीही सुरुवातीचे काही महिने त्यांना प्रायश्चित्त संस्कार देण्याची परवानगी नव्हती! पुढे जगभरातून माणसे ज्यांच्याकडे कुमसारासाठी येणार होती, त्यांच्याबद्दल वरिष्ठांना वाटणारी ही खात्री होती.

फादर बॅली १८१७ च्या अखेरीस वारले आणि १८१८ च्या फेब्रुवारीत व्हियानी ह्यांची नेमणूक आर्सला झाली. लिऑनच्या उत्तरेस सुमारे ३५ किलोमीटरवर, तळ्यांच्या आणि चिकणमातीच्या प्रदेशात वसलेले हे गाव. लोकवस्ती २३०, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या आळीएवढी. आर्सला तेव्हा स्वतंत्र धर्मग्रामाचा दर्जासुद्धा नव्हता. तिथे देवावरील प्रेम फारसे आढळणार नाही, अशी कल्पना धर्मप्रांताच्या व्हिकर जनरलनी त्यांना आधीच देऊन ठेवली होती. धुक्यात वाट चुकलेल्या व्हियानी ह्यांना एका मेंढपाळ मुलाने रस्ता दाखवला. गावाची वेस दिसताच त्यांनी गुडघे टेकले.

आता ह्या गावाकडे जरा नीट पाहिले पाहिजे. आर्सचे लोक नास्तिक नव्हते. त्यांना धर्मगुरू हवा होता. मुलांचा बाप्तिस्मा, लग्न आणि दफनविधी चर्चमध्येच व्हावेत असा त्यांचा आग्रह होता. क्रांतीच्या काळात त्यांचे चर्च लुटले गेले होते. त्या वेळच्या धर्मगुरूंनी शपथ घेतली, पुढे पुरोहितपद सोडले आणि त्याच गावात दुकान मांडले. ज्याच्या हातून ख्रिस्तशरीर स्वीकारले तोच माणूस तागडी धरून बसलेला पाहिल्यावर श्रद्धेचे काय होत असेल, हे सांगायला नको. पण ह्या लोकांनी धर्म टाकला नाही. त्यांनी तो सोयीपुरता ठेवला. रविवारी सकाळी थोडे लोक मिस्सेला येत, त्यांतही बायकाच अधिक. पुरुष शेतात गाड्या भरत किंवा गावातल्या चार गुत्त्यांपैकी एखाद्यात बसत. संध्याकाळी नाच चाले. ज्या पिढीचे बालपण क्रांतीत गेले तिला धर्मशिक्षणाचा गंध नव्हता आणि आपल्याला काही येत नाही ह्याची खंतही नव्हती. आपण चारचौघांसारखे ख्रिस्ती आहोत, शेजारच्या गावांपेक्षा वाईट नाही, एवढ्यावर सारे समाधानी होते.

धर्माचा द्वेष करणाऱ्या माणसाशी वाद घालता येतो, त्याच्यासाठी रक्त सांडता येते. जो मान डोलावतो, धर्मगुरूंना पाहून टोपी काढतो आणि आपल्या वाटेने निघून जातो, त्याचे काय करायचे? माझ्या मते व्हियानी ह्यांच्या आयुष्यातील खरी लढाई हीच होती. सैतान रात्री त्यांचा पलंग हलवीत असे, ह्या प्रसिद्ध कथांपेक्षा मला ती अधिक कठीण वाटते.

त्यांनी आरंभ स्वतःपासून केला. प्रमुख धर्मगुरूच्या घरात वाड्यातल्या बाईंनी दिलेले चांगले सामान होते, ते त्यांनी परत केले. पहाटेच्या अंधारात ते चर्चमध्ये जाऊन पवित्र साक्रामेंतासमोर तासन्‌तास गुडघे टेकून बसत. एकदा पातेलेभर बटाटे उकडून ठेवीत आणि आठवडाभर त्यांतलेच एक-दोन खात; शेवटच्या बटाट्यांवर बुरशी धरलेली असे. गाव सुस्त आहे म्हणून त्याला दोष देण्याऐवजी त्याच्या वाटचे प्रायश्चित्त आपणच करावे, अशी त्यांची समजूत होती. मग ते घरोघरी जाऊ लागले, तेही जेवणाच्या वेळी, कारण तेव्हा सगळे घरी सापडत. पिकाबद्दल, गुरांबद्दल, मुलांबद्दल बोलत आणि निघताना देवाची एखादी गोष्ट सांगत. सकल संतांच्या सणापासून हिवाळाभर सकाळी सहाला, शेतावर जाण्याआधी, मुलांना धर्मशिक्षण देत. प्रवचने रात्र-रात्र जागून लिहीत, पाठ करीत आणि वेदीसमोर उभे राहिल्यावर कधीकधी विसरून जात.

स्त्रियांसाठी जपमाळेचा संघ आणि पुरुषांसाठी पवित्र साक्रामेंताचा संघ त्यांनी पुन्हा उभा केला. मुलींच्या शिक्षणाची सोय नव्हती, म्हणून गावातल्या दोन तरुणींना, कॅथरिन लासान्य आणि बेन्वात लार्दे ह्यांना, शिकायला पाठवले आणि १८२४ साली प्रॉव्हिडन्स नावाची मोफत शाळा काढली. पुढे तिथे अनाथ मुलीही राहू लागल्या. ह्या मुलींना ते रोज अकरा वाजता धर्मशिक्षण देत. पुढे ऐकणाऱ्यांची गर्दी एवढी वाढली की तो वर्ग चर्चमध्ये न्यावा लागला आणि थोर विद्वानही त्या बाकांवर येऊन बसले.

दारूचे गुत्ते, नाच आणि रविवारची कामे ह्यांविरुद्ध ते अनेक वर्षे बोलत राहिले. गुत्ते एकामागून एक बंद पडले. नाचाबाबत तर त्यांनी कमालच केली. चर्चमध्ये संत योहान बाप्तिस्ता ह्यांचे उपमंदिर बांधले आणि ह्या संताचे शिर एका नाचाची किंमत म्हणून गेले, अशा अर्थाची अक्षरे कमानीवर कोरली. नाच न सोडणाऱ्या मुलींना ते महिनोन्‌महिने पापक्षमा देत नसत. आजच्या वाचकाला हे अती वाटेल. मलाही वाटते. त्या काळच्या फ्रेंच सेमिनरींतील कडक शिकवणीचा हा परिणाम होता. पुढे बिशप देव्ही ह्यांच्यामुळे आणि संत आल्फोन्सस लिगोरी ह्यांच्या नीतिशास्त्राच्या परिचयामुळे ते बरेच मवाळ झाले. उत्तरायुष्यात ते पापी माणसाला हलके प्रायश्चित्त देत आणि उरलेले स्वतः करीत. संतसुद्धा बदलतात, हे चरित्रकारांनी लपवले नाही हे बरे झाले.

गावाने हे सगळे मुकाट्याने सहन केले असे कुणी समजू नये. झोपलेल्याला उठवले की तो आधी चिडतो. त्यांच्या दारावर चिखल फासला गेला, निनावी पत्रे आली, त्यांच्या चारित्र्यावर शिंतोडे उडवले गेले. हे काही वर्षे चालले. आजूबाजूच्या धर्मगुरूंनी हा माणूस अज्ञानी आहे अशी तक्रार बिशपांकडे करायचे ठरवले, तेव्हा तो कागद चुकून व्हियानी ह्यांच्याच हाती पडला आणि त्यांनी त्यावर सही करून तो पुढे पाठवला. दुसरीकडे, १८२० साली त्यांची बदली सोन नदीपलीकडच्या गावी झाली, तेव्हा नदीला पूर आला आणि त्यांचे सामान अडले. त्या अवधीत आर्सच्या लोकांनी लिऑनला जाऊन हे धर्मगुरू आम्हांलाच हवेत अशी विनवणी केली. ज्यांच्यामुळे झोपमोड होते, त्यांनाच सोडायला गाव तयार नव्हते.

१८२७ च्या सुमारास व्हियानी ह्यांना जाहीरपणे सांगता आले की आर्स आता पूर्वीचे राहिले नाही. नऊ वर्षे लागली, तीही २३० माणसांसाठी! रविवारी शेते शांत असत, संध्याकाळच्या प्रार्थनेची घंटा झाली की पुरुष शेतातून चर्चकडे वळत. हळूहळू बाहेरचे लोक येऊ लागले. त्यांच्या शेवटच्या वर्षांत वर्षाकाठी हजारो यात्रेकरू येत. लिऑनच्या रेल्वे स्थानकावर आर्ससाठी तिकिटांची वेगळी खिडकी उघडावी लागली. व्हियानी मध्यरात्रीनंतर एकच्या सुमारास चर्चमध्ये येत आणि उन्हाळ्यात दिवसाचे सोळा-सोळा तास कुमसाराला बसत.

इथे एक धोका होता. गाव प्रसिद्ध झाले, खाणावळी भरल्या, पैसा आला. आपल्याकडे संत आहे, ही भावनासुद्धा माणसाला सुस्त करू शकते. स्वतः व्हियानी मात्र ह्या मोहात सापडले नाहीत. त्यांना आपण ह्या पदाला अपात्र आहोत, आपल्या आत्म्याचे काय होईल, ही चिंता अखेरपर्यंत जाळीत राहिली. एखाद्या मठात जाऊन आपल्या पापांसाठी रडत बसावे म्हणून त्यांनी गावातून पळून जाण्याचा प्रयत्न एकदा नव्हे, अनेकदा केला. १८४३ साली मोठ्या आजारातून उठल्यावर ते डार्डिलीला भावाकडे गेले, तर यात्रेकरू तिथेही पोहोचले आणि त्यांना परतावे लागले. १८५३ साली रात्री पुन्हा निघाले, तेव्हा गावकरी घंटा वाजवून जमा झाले आणि वाट अडवून उभे राहिले. मानाचा झगा मिळाला तो त्यांनी गरिबांसाठी विकून टाकला. सम्राटाने दिलेल्या पदकाचेही त्यांना अप्रूप वाटले नाही.

१८५९ चा जुलै महिना अतिशय उष्ण होता. २९ तारखेला ७३ वर्षांचे व्हियानी नेहमीप्रमाणे मध्यरात्रीनंतर चर्चमध्ये गेले, दिवसभर कुमसाराला बसले, अकराचे धर्मशिक्षणही त्यांनी दिले, परंतु त्यांचा आवाज लोकांना ऐकू येत नव्हता. दुसऱ्या दिवशी त्यांना उठता आले नाही. ती लहानशी खोली उन्हाने तापत होती. तेव्हा गावातल्या माणसांनी शिड्या लावल्या, त्यांच्या घराच्या छपरावर कापडे अंथरली आणि ती ओली राहावीत म्हणून त्यांवर पाणी ओतत राहिले. ४ ऑगस्टच्या पहाटे दोन वाजता त्यांनी शांतपणे प्राण सोडला.