गुल्येल्मो मार्कोनी

आज पुष्कळ घरांत व कचेऱ्यांत दिवे, कुलुपे, संगणक ही तारेवाचून एकमेकांना संदेश देतात. या विद्येचा पाया घालणाऱ्यांत मार्कोनी हे अग्रगण्य होत.

त्यांचा जन्म इटलीतील बोलोन्या नगरीत २५ एप्रिल १८७४ रोजी झाला. हर्ट्झ या शास्त्रज्ञाने सिद्ध केलेल्या विद्युत्-लहरींकरवी संदेश धाडावा, हा त्यांना ध्यास लागला. १८९५ साली त्यांनी घराजवळील टेकडीपलीकडे संदेश पोहोचविला. १९०१ साली तर अटलांटिक महासागरापलीकडून आलेली खूण ऐकल्याचे त्यांनी जाहीर केले.

लवकरच जहाजांवर त्यांची यंत्रे बसली. परंतु संकटाचा प्रसंग वगळता परक्या यंत्राशी संभाषण करू नये, असा त्यांच्या कंपनीचा दंडक होता. त्यामुळे लहरी सर्वांच्या असूनही जहाजे परस्परांना मुकी झाली! अखेर १९०६ साली बर्लिन येथे राष्ट्रांची परिषद भरली. यंत्र कोणाचेही असो, किनाऱ्यावरील केंद्राने जहाजाशी संदेशांची देवघेव केलीच पाहिजे, असे तेथे ठरले.

१९०९ साली मार्कोनींना ब्राउन यांच्यासमवेत नोबेल पारितोषिक मिळाले. १९१२ साली टायटॅनिक बुडत असता तिच्या बिनतारी यंत्राची हाक ऐकून कार्पेथिया हे जहाज धावून गेले. सुमारे ७०० जीव वाचले. २० जुलै १९३७ रोजी रोम येथे मार्कोनी निवर्तले.

आज निरनिराळ्या कारखान्यांची उपकरणे एका घरात सुखाने नांदतात, ती सर्वांनी मानलेल्या समान नियमांमुळेच. शोध एकट्याच्या बुद्धीने लागतो. तो जगाच्या कामी येतो मात्र सर्वांच्या एकमताने.